बेटावर जाण्याचा लांबचा रस्ता

तीन आठवडे रोज सकाळी ज्याच्याबरोबर एकाच तलावात पोहायला शिकत होती, त्या माणसाला बयोने ओळखलं नाही. यात तिचा काही दोष नव्हता. बयोच्या चष्म्याचा नंबर उणे साडेआठ. चष्मा काठावर ठेवून ती पाण्यात उतरली की जगात उरायचे ते फक्त रंग – निळ्या फरश्या, पिवळी दोरी आणि पुढेमागे हलणाऱ्या पाच-सहा टोप्या. लाल टोपी कुणाची आणि हिरवी कुणाची, हे ती आवाजावरून ठरवायची.

म्हणून त्या दुपारी एक उंच माणूस तिच्या तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत येऊन बसला, तेव्हा तिच्या लेखी तो फक्त पाचव्या क्रमांकाचा पेशंट होता. बाहेर पाऊस होता. त्याच्या खांद्यांवर थेंब होते आणि ओल्या कापडाचा, थोडा तेलाचा असा वास होता. चष्म्याच्या दुकानाचे मालक बाहेर गल्ल्यावर नाव लिहून घ्यायचे. आत नंबर काढायचं काम बयोचं.

"हनुवटी इथे टेका. आता फळ्याकडे बघा. खालची ओळ वाचा."

"ग. त. प. मग र... आणि शेवटी म. किंवा भ. तो जरा संकोचून उभा आहे."

बयोचा हात भिंगांच्या पेटीवर थांबला. हा आवाज... रोज सकाळी पावणेसातला, पाण्याच्या चुबुकचुबुक आवाजातून, अशाच संथ लयीत हा आवाज तिला सांगायचा – श्वास धरून ठेवू नका, सोडून द्या, सोडला की शरीर आपोआप वर येतं.

"लाल टोपी?" ती म्हणाली.

चाचणीची ती जड, गोल फ्रेम त्याच्या नाकावर होती आणि एका डोळ्यावर काळी झाकणी. उरलेल्या एका डोळ्याने त्याने तिला निरखून पाहिलं.

"तुम्ही... पांढरी टोपी. आत्यांची भाची." मग जरा थांबून म्हणाला, "चष्म्यात वेगळ्याच दिसता."

"आणि मी चष्मा काढला की तुम्ही मला दिसतच नाही."

"म्हणजे तीन आठवडे मी रोज हात हलवून नमस्कार करतोय, तो?"

"मला वाटायचं, कुणीतरी धडपडतंय."

तो हसला आणि फ्रेम नाकावरून घसरली. ती नीट बसवताना बयोची बोटं त्याच्या कानाला लागली. दिवसातून वीस वेळा लागायची, वीस कानांना. तरी या वेळी तिने हात जरा लवकर मागे घेतला.

"त्रास काय होतोय?"

"वायरिंगचे नकाशे वाचता येत नाहीत. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम आहे माझं. आकडे दिसेपर्यंत कागद लांब धरत गेलो. आता हात आणखी लांब होईना, म्हणून आलो."

"चाळिशी लागली."

"अहो, मी एकोणचाळीसचाच आहे."

"चाळिशी वय विचारून येत नाही," बयो म्हणाली आणि बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्यात बघायला पुढे वाकली. हे तिचं रोजचंच काम. अनोळखी डोळ्यांत टिचभर अंतरावरून बघायचं, शिरा बघायच्या, पडदा बघायचा आणि पुढचा नंबर बोलवायचा. "माझ्या कानाकडे बघा. डोळा हलवू नका."

तो तिच्या कानाकडे बघत राहिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आत काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"सगळं ठीक आहे."

"बरं झालं. मला वाटलं, काहीतरी दिसेल."

बयोने बॅटरी बंद केली आणि कागदावर नंबर लिहिला. पहिल्यांदा चुकीचा लिहिला. मग खोडून बरोबर लिहिला.

बयोला तिच्या आत्याने वाढवलं होतं. आत्या एका मोठ्या छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासत होती. निवृत्त झाली तरी लाल पेन काही सुटलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, लग्नाच्या पत्रिका, काहीही तिच्या तावडीतून सुटायचं नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं, तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी तिने तलावावर नाव घातलं आणि "मी बुडाले तर ओरडायला कुणीतरी हवं" म्हणून भाचीलाही सोबत ओढलं. पहाटेच्या त्या वर्गात सहाच जण. या दोघी, लिफ्टवाला, गणिताचे एक मास्तर, त्यांच्या पत्नी – ज्यांना सगळे काकू म्हणत – आणि एक दंतवैद्य बाई. शिकवणारे सर काठावरून ओरडायचे, "पाय मारा, पाय. पाणी काही चावत नाही."

ज्या दिवशी आत्याने तलावाची अख्खी रुंदी एका दमात पार केली, त्या दिवशी ती काठावर आली, टॉवेल गुंडाळला आणि भाषणच दिलं.

"आता मला भिंत नको. इकडून गेलं की भिंत, तिकडून आलं की भिंत. मला एकदा समुद्रात पोहायचंय. दूरवरचं एखादं लहानसं बेट. तिथलं पाणी म्हणे या तलावासारखंच निळं आणि शांत असतं. जायचं का सगळ्यांनी?"

ओलेत्या, कुडकुडणाऱ्या माणसांना त्या क्षणी उन्हाच्या बेटावर कुणीही बोलावलं असतं तरी ती गेली असती. सगळे हो म्हणाले.

पुढच्याच रविवारपासून बैठका सुरू झाल्या. जागा म्हणजे आत्याचं जेवणाचं टेबल, वेळ दुपारी चार. कामं वाटली गेली. मास्तरांकडे हवामान, काकूंकडे सामानाची यादी, दंतवैद्य बाईंकडे औषधं. बयोने राहायला घर शोधायचं आणि लिफ्टवाल्याने प्रवासाचं सगळं बघायचं. नवी चाळिशी लावून तो पहिल्याच रविवारी हजर झाला. बयोने टेबलावर नकाशा पसरला. तो समोरच्या बाजूला उभा होता.

"इकडे या," ती सहज म्हणाली, "तिथून उलटं दिसेल."

तो टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. पुढचे नऊ रविवार ती खुर्ची त्याचीच राहिली. एकदा मास्तर चुकून तिथे बसले, तर काकूंनी त्यांना डोळ्यांनीच उठवलं.

तो मन लावून काम करायचा. बंदरावरून किती वाजता बस सुटते, दुपारच्या कोणत्या वेळेला बेटावरची दुकानं बंद असतात, लहान खाडीकडे उतरणारी पायवाट कुठे वळते, हे सगळं तो बारीक, सुबक अक्षरात एका तक्त्यात भरायचा. बयोला लोकांचं अक्षर बघायची सवय नव्हती, तिला डोळे बघायची सवय. पण ते अक्षर तिला आवडायला लागलं. रविवारी दुपारी साडेतीनपासून तिचे कान जिन्याकडे लागायचे आणि ते लागलेत हे आत्याला कळायचं. आत्याला कळलंय हे बयोलाही कळायचं. दोघी त्यावर अवाक्षर बोलायच्या नाहीत.

खरं तर बयो आपल्या आयुष्यावर खूश होती. आत्या होती, काम होतं, खिडकीत चार कुंड्या होत्या. कुणाची वाट बघावी असं तिला कधी वाटलं नव्हतं. पस्तिसाव्या वर्षी ही नवीनच सवय लागत होती आणि ती चांगली की वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं.

पाचव्या रविवारी तिने तीन घरांचे फोटो टेबलावर मांडले. तो एकावर वाकला.

"याला चौसष्ट पायऱ्या आहेत."

"फोटोत मोजल्यात?"

"धंद्याची खोड. पायऱ्या दिसल्या की मला वाईट वाटतं." मग त्याने गच्चीवर बोट ठेवलं. "पण ही गच्ची बघा. टोकावर आहे. दोन्हीकडे समुद्र. सकाळी पूर्वेकडे तोंड करून चहा घ्यायचा. संध्याकाळी नुसती खुर्ची फिरवायची, की मावळतीला."

"कुणाची खुर्ची?"

"...सगळ्यांचीच. सहा खुर्च्या."

"फोटोत दोनच आहेत," बयो म्हणाली.

तो फोटोकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पलीकडे आत्या सामानाच्या यादीत कसलीतरी वेलांटी दुरुस्त करत होती. ती वेलांटी तिला नेहमीपेक्षा बराच वेळ पुरली.

तेच घर ठरलं.

मग एकेक जण गळू लागला. दंतवैद्य बाईंच्या बहिणीला जुळं होणार होतं आणि तारीख नेमकी तीच. मास्तर-काकूंची लेक दोन वर्षांनी माहेरी यायची होती, तीही त्याच आठवड्यात. काकू रडवेल्या झाल्या. "तुम्ही तिघं तरी जा," म्हणाल्या आणि सामानाची यादी बयोच्या हातात देऊन गेल्या. तक्त्यातली नावं लिफ्टवाल्याने पट्टी लावून एकेक करून खोडली. खोडताना त्याचा चेहरा गंभीर होता, पण दुःखी नव्हता. बयोचं लक्ष होतं.

आता तक्ता जवळजवळ भरला होता. बस, बोट, किल्ली कुणाकडून घ्यायची, पाऊस आला तर काय करायचं, सगळं होतं. फक्त पहिलाच रकाना कोरा होता. विमान. दर रविवारी आत्या विचारायची आणि दर रविवारी तो म्हणायचा, "ते शेवटी बघू." दहाव्या रविवारी बघण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

"बुधवारपर्यंत भरतो," तो म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला.

बुधवारी संध्याकाळी आत्याच्या फोनवर निरोप आला.

'नमस्कार. कामाच्या अडचणीमुळे, मला, या वेळी, जमेल असं वाटत नाही. तुम्ही दोघी, जरूर जा.'

आत्याने तो दोनदा वाचला. मग फोन बयोपुढे सरकवला.

"स्वल्पविराम बघ किती आहेत. चार. लागत होते शून्य."

"आत्या, माणूस येत नाही म्हणतोय आणि तू स्वल्पविराम मोजतेस."

"चौतीस वर्षं लोकांचं लिहिणं वाचलंय मी. माणूस खरं लिहितो तेव्हा सरळ लिहितो. अडखळतो तेव्हाच असे खिळे ठोकत जातो. या निरोपात काम नाही, दुसरंच काहीतरी आहे."

बयो उठून कुंड्यांना पाणी घालायला गेली. सकाळीच घातलं होतं, तरी पुन्हा घातलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने बारा दिवसांची रजा मागितली होती. मालकांनी डोळे मोठे करून विचारलं होतं, "लग्नबिग्न आहे की काय?" आणि ती उगाच हसली होती. आता ते हसणं आठवून तिचे गाल तापले. खुर्च्यांबद्दल बोलायला नको होतं. दोन खुर्च्या म्हणे. कुणी विचारलं होतं?

गुरुवारी लाल टोपी तलावावर आली नाही. शुक्रवारीही नाही. पाणी तेवढंच होतं, पण पोहताना बयोच्या नाकातोंडात जात राहिलं.

शनिवारी दुपारी दुकान सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. या आठवड्यात तो नदीकाठच्या अकरा मजली इमारतीत लिफ्टचं काम करतोय, हे तिला ठाऊक होतं. रविवारी त्यानेच सांगितलं होतं. खाली 'लिफ्ट बंद' अशी पाटी होती. चौकीदार म्हणाला, मिस्त्री वर मशीनच्या खोलीत आहेत, गच्चीवर.

बयो जिना चढू लागली. चौथ्या मजल्यावर तिला राग आलेला होता. सातव्यावर दम लागला. नवव्यावर ती एका पायरीवर बसली आणि परत जावं का, याचा विचार केला. पण खाली उतरायचे नऊ मजले होते आणि वर दोनच. ती उठली.

मशीनच्या खोलीचं दार उघडं होतं. तो जमिनीवर बसून एका जाड पोलादी दोराचा तुटका धागा चिमट्याने कापत होता. पावसाची भुरभुर बयोच्या चष्म्यावर साचली होती, त्यामुळे तो तिला पुन्हा नुसता रंगाचा ठिपका दिसला. तिने ओढणीच्या टोकाने काचा पुसल्या. तो उभा राहिला होता.

"तुम्ही... अकरा मजले चढून आलात?"

"लिफ्ट बंद आहे," ती धापा टाकत म्हणाली. "दुरुस्तीवाला फार सावकाश काम करतो, असं खाली कळलं."

त्याने घाईघाईने एक लाकडी खोका उलटा केला, त्यावर कोरं फडकं घातलं, पाण्याची बाटली पुढे केली. बयो बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "हे काम सोमवारी संपतंय. चौकीदाराने सांगितलं. आपण जायचं होतं पुढच्या महिन्यात. मग अडचण कसली?"

तो हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"तुम्हाला हसू येईल."

"आत्ता मला हसायला दम नाही."

"मी विमानात बसू शकत नाही," तो म्हणाला. एकदा म्हटल्यावर पुढचं भराभर आलं. "बावीस वर्षांचा होतो. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं होतं. विमानात बसलो, दार लागलं आणि मला श्वासच घेता येईना. ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. विमान थांबवून मला खाली उतरवलं. उतरताना सगळे माझ्याकडे बघत होते, तेवढं मात्र आठवतं. तेव्हापासून नाही बसलो."

"पण तुम्ही तर..." बयोने दोर जिथून खाली सोडले होते, त्या लिफ्टच्या खोल काळ्या पोकळीकडे बोट दाखवलं. "यात लोंबकळता. रोज."

"इथे दोर असतो. मी स्वतः तपासलेला. विमानाला दोरच नसतो."

तो हे इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की बयोला खरंच हसू आलं नाही. पण राग अजून पुरता उतरला नव्हता.

"मग दहा रविवार ते तक्ते का करत बसलात? पहिल्याच दिवशी सांगायचं. मी रजा घेतली. घराचं पक्कं केलं. मला वाटलं, आमच्या दोघींबरोबर यायला तुम्हाला अवघड वाटतंय. किंवा मीच काहीतरी जास्त बोलले... ते खुर्च्यांचं."

"खुर्च्यांचं बोललात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिकिटांच्या ऑफिसपर्यंत गेलो होतो. रांगेत उभाही राहिलो. माझा नंबर आला आणि मी बाहेर आलो." त्याने दोराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पहिल्या रविवारी सांगणारच होतो. पण तुम्ही नकाशा पसरलात आणि म्हणालात, इकडे या. मी आलो. शेजारी बसलो. मग सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारीही राहिलं. सांगितलं असतं तर रविवारी यायला मला कारणच उरलं नसतं... मला बेट बघायचंय. खोटं नाही बोलत. पण बेट नसतं आणि टेबलावर नुसता कोरा कागद असता, तरी मी दर रविवारी चार वाजता आलो असतो."

खाली कुठेतरी कुणीतरी दार आपटलं. त्याचा आवाज पोकळीतून घुमत वर आला. बयो बाटलीचं झाकण लावत होती. ते आट्यांवर काही केल्या बसत नव्हतं.

"एवढंच होतं तर सांगायचं नाहीस का रे," ती म्हणाली.

तो 'रे' तिच्या तोंडून आपसूक गेला. दोघांनाही तो ऐकू आला. पण तो परत घ्यावा असं तिला वाटलं नाही आणि त्यालाही तसं वाटल्याचं दिसलं नाही.

"आता सांगितलं," तो हळूच म्हणाला.

"सांगितलंस." बयो उठली. "आगगाडीत बसतोस?"

"बसतो की."

"बोटीत?"

"बसतो. तिला नांगर असतो."

"उद्या येऊ नकोस. पुढच्या रविवारी ये. चार वाजता." दाराशी ती थांबली. "आणि सोमवारी तलावावर ये. तू नसलास की मी पाणी पिते."

ती अकरा मजले उतरली. उतरताना एकदाही बसली नाही.

तो आठवडा बयोने वेळापत्रकांत काढला. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती रेल्वेच्या चौकशीला फोन लावायची. कोणती गाडी कुठपर्यंत जाते, पुढची कुठून मिळते, बंदरावरची बोट कोणत्या वारी सुटते. रविवारी लिफ्टवाला आला तेव्हा टेबलावर एक नवा तक्ता होता. अक्षर त्याच्याइतकं सुबक नव्हतं आणि त्यात विमानाचा रकाना नव्हता. तीन आगगाड्या, एक बस, एक बोट. एका ठिकाणी आत्याने लाल पेनने गोल केला होता, कारण त्या शहरात दोन स्टेशनं होती आणि बयोने गाडी चुकीच्या स्टेशनवर बदलली होती.

त्याने चाळिशी लावली. वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. मग पुन्हा वर गेला.

"जायला चार दिवस. यायला चार. बेटावर चारच उरतात."

"मला बेरीज येते."

"आठ दिवस नुसते प्रवासात..." तो अडखळला. "माझ्या शेजारी बसून?"

"खिडकी माझी," बयो म्हणाली.

आत्याने घसा खाकरला. "माझे गुडघे आठ दिवस गाडीत बसणार नाहीत. मी विमानाने जाते. तुमच्या आधी पोचेन, किल्ली घेईन, खोल्यांना हवा लागू देईन. तुम्ही या सावकाश."

"आत्या, एकट्या जाल?" त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काळजी होती.

"मी सदुसष्ट वर्षांची आहे, सात वर्षांची नाही. आणि माझ्या विमानाची चिंता तू करू नकोस, त्याला दोर नाही हे मला माहीत आहे."

लिफ्टवाल्याने बयोकडे पाहिलं. बयोने छताकडे पाहिलं. घरात आत्याला सगळं सांगायची पद्धत होती, त्याला ती काय करणार?

गाड्यांची तिकिटं सहज मिळाली. बोटीच्या तिकिटांसाठी मात्र दोघांना बोट कंपनीच्या ऑफिसात जावं लागलं. खिडकीपलीकडच्या बाई फॉर्म भरून घेत होत्या. वय विचारलं, पत्ता विचारला, सामान किती ते विचारलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "दोघांचं नातं?"

लिफ्टवाला म्हणाला, "आम्ही एकाच पोहण्याच्या वर्गात आहोत."

बाईंनी मान वर केली. "तसा रकाना नाही. कुटुंब, सहकारी, की इतर?"

मागे रांग होती. रांगेतले लोक एकदम शांत झाल्यासारखे वाटले. बयो काउंटरवरच्या पेनाची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"अजून ठरायचंय," ती म्हणाली.

"मला फॉर्म आज भरायचाय."

"ठरलंय," लिफ्टवाला म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा संथ नव्हता. तो बाईंशी बोलत होता, पण वळला होता बयोकडे. "म्हणजे... माझ्याकडून ठरलंय. तुला वेळ हवा असेल तर मी थांबेन. मी थांबायला चांगला आहे. पण माझ्याकडून ठरलंय."

बयोने दोरी सोडली. ती सुटून जागेवर गेली. उणे साडेआठ नंबरच्या काचांमधून ती त्याच्याकडे बघत होती आणि तो अगदी स्पष्ट दिसत होता. दाढीचा एक राहून गेलेला केस, कपाळावरचा घाम, आणि उत्तराची वाट बघणारे दोन तपकिरी डोळे. एखाद्या माणसाला घाबरू नकोस असं सांगावं तशी तिने मान हलवली.

"कुटुंब लिहा," ती बाईंना म्हणाली.

बाईंनी लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. रांगेतल्या एका आजोबांनी वाट करून देताना लिफ्टवाल्याच्या पाठीवर थाप मारली. बाहेर पावसाची सर येऊन गेली होती आणि रस्ता चकाकत होता. दोघं चालत निघाले. दुसऱ्या चौकात त्याने तिचा हात धरला. तिसऱ्या चौकात दोघांच्या लक्षात आलं की तिकिटं खिडकीवरच राहिली आहेत आणि दोघंही, हात न सोडता, परत पळाले.

प्रवास लांबच झाला. पहिल्या गाडीत त्याने तिला लिफ्टचं सगळं यंत्र बिस्किटाच्या पुड्यावर काढून दाखवलं. दुसरीत त्याने आपल्या आईबद्दल सांगितलं. या दोघांनी काही सांगायची वाट न बघताच आईने शेजारणीला लग्नाची बातमी देऊन टाकली होती. तिसरीत दोघं खिडकीवरून भांडले, कारण खिडकी तिची असली तरी डुलक्याही तीच काढत होती आणि सगळी गावं त्याला मधल्या सीटवरून मान लांब करून बघावी लागत होती. बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर झोपली आणि त्याने दोन तास खांदा हलवला नाही. नंतर तो दिवसभर वाकडाच चालत होता. आत्या कधीच पोचली होती. 'पाणी फार छान, भिंत कुठेही नाही, लवकर या,' असा तिचा निरोप आला होता.

बोटीवरच्या सकाळी बयो उठून डेकवर आली तेव्हा तो कठड्याला टेकून उभा होता. समुद्र खरंच शांत होता. ऊन अजून कोवळं होतं आणि वाऱ्याला मिठाचा वास होता. तो थोडा सरकला. जागा भरपूर होती, तरी ती अगदी त्याला खेटून उभी राहिली. बोलायची गरज आहे असं चार दिवसांत पहिल्यांदाच वाटत नव्हतं.

थोड्या वेळाने पाण्याच्या कडेला एक राखी रेघ उमटली. मग ती जाड झाली, तिला डोंगर फुटले, आणि डोंगराच्या अंगावर पांढऱ्या घरांचे ठिपके दिसू लागले. बाकीचे प्रवासी सामान गोळा करायला खाली पळाले.

"ते बघ," तो म्हणाला. "आलं."

बयोने बघितलं. कठड्यावरचा त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"इतक्यात?" ती म्हणाली.